देशोदेशीच्या गल्ल्या : पाच मिनिटांत संपणारा चीन

बालमित्रांनो, आज वाचायला बसण्याआधी जगाचा नकाशा पुढ्यात घ्या बरं. जपान सापडला? त्याची चार मोठी बेटं दिसतील. त्यातलं सगळ्यांत मोठं होन्शू. या बेटावर, जरा दक्षिणेच्या अंगाला, ओसाका हे नाव शोधा. आता बोट किंचित डावीकडे, म्हणजे पश्चिमेला सरकवा. हे झालं कोबे! सुमारे पंधरा लाख वस्तीचं मोठं बंदर. दक्षिणेला समुद्र, उत्तरेला रोक्को डोंगराची रांग आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने वसलेलं शहर.

आज आपल्याला या शहरातल्या एका गल्लीत जायचंय. गल्लीचं नाव नान्किनमाची. यातल्या ‘माची’चा आपल्या राजगडावरच्या सुवेळा माचीशी काही संबंध नाही हं! जपानी भाषेत माची म्हणजे वस्ती, पेठ. आणि नान्किन म्हणजे चीनमधलं नानजिंग शहर. म्हणजे ही झाली ‘नानजिंग पेठ’. आहे जपानात, पण नाव चीनचं. आपल्या पुण्यातल्या पेठांना वारांची आणि माणसांची नावं आहेत, तिथल्या या पेठेला चक्क परदेशी शहराचं.

चला तर. मोतोमाची स्टेशनवर आगगाडीतून उतरायचं आणि समुद्राच्या दिशेने चालायला लागायचं. पाचेक मिनिटांत आपण पोचतो. पूर्वेकडून शिरलात तर समोर पांढऱ्या दगडाचा एक कोरीव दरवाजा उभा दिसेल. याचं नाव छांगआन दरवाजा. आत पाऊल टाकलं की रंगच बदलतात. लाल खांब, लाल आकाशकंदील, सोनेरी अक्षरं, वळणदार कोपऱ्यांची छपरं. दुकानांच्या पुढे टेबलं मांडलेली, त्यांवर बांबूच्या गोल टोपल्यांची उतरंड आणि उतरंडीतून भसाभसा वाफ. “इराश्शाइमासे!” म्हणजे “या, या!” अशा आरोळ्या चाललेल्या. मंडईत आपले भाजीवाले “या ताई, या दादा” करतात ना, अगदी तसंच.

गल्ली किती मोठी म्हणाल, तर पूर्व-पश्चिम दोन-अडीचशे मीटर आणि दक्षिण-उत्तर शंभर मीटरच्या आसपास. दोन रस्ते एकमेकांना छेदतात, मधे छोटासा चौक, आणि या एवढ्याशा जागेत शंभरावर दुकानं. न थांबता चाललात तर पाच मिनिटांत चीन संपतो आणि पुन्हा जपान सुरू होतो! अर्थात न थांबता चालणं कोणाला जमत नाही, ही गोष्ट वेगळी.

जपानात अशी चिनी वस्ती आणखी दोन ठिकाणी प्रसिद्ध आहे, योकोहामाला आणि नागासाकीला. पण कोबेची गल्ली लहान असली तरी तिची गोष्ट मोठी आहे. ती ऐकण्याआधी जरा फिरून घेऊ.

एक शहर, दोन दरवाजे

पूर्वेच्या दरवाजाचं नाव छांगआन, हे आपण पाहिलं. पश्चिमेच्या टोकाला दुसरा दरवाजा आहे, त्याचं नाव शीआन दरवाजा. यात एक गंमत दडलेली आहे. छांगआन आणि शीआन ही एकाच शहराची नावं आहेत! छांगआन हे जुनं, शीआन हे आजचं. समजा, एखाद्या परदेशी शहरात कोणी आपली आठवण म्हणून दोन कमानी उभारल्या, आणि एकीवर ‘पैठण’ आणि दुसरीवर ‘प्रतिष्ठान’ असं लिहिलं, तर कसं वाटेल? तसंच हे.

या छांगआनशी आपली जुनी ओळख आहे. इतिहासाच्या पुस्तकात ह्युएनत्संग नावाचा चिनी प्रवासी भेटतो, आठवतो का? बौद्ध ग्रंथ शोधायला तो निघाला तो याच छांगआनमधून, आणि सोळा-सतरा वर्षांनी ग्रंथांचे गठ्ठे घेऊन 645 साली परतला तोही छांगआनलाच. मधल्या काळात तो महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या माणसांबद्दल त्याने लिहूनही ठेवलं. त्याच गावाचं नाव कोबेच्या एका गल्लीच्या तोंडावर कोरलेलं आहे.

नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक कोडं. चिनी लिपीत ‘जिंग’ म्हणजे राजधानी. ‘नान’ म्हणजे दक्षिण. मग नानजिंग म्हणजे? बरोबर, दक्षिणेची राजधानी. ‘बेई’ म्हणजे उत्तर, म्हणून बेईजिंग म्हणजे उत्तरेची राजधानी. जपान्यांनी चिन्हं चिन्यांकडूनच घेतली, उच्चार मात्र स्वतःचे केले. ‘जिंग’चं ‘क्यो’ किंवा ‘किन’ झालं. ‘तो’ म्हणजे पूर्व. मग तोक्यो म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा!

गल्लीच्या मधल्या चौकात एक छोटा मंडप आहे आणि त्याच्या आजूबाजूला प्राण्यांचे दगडी पुतळे. चीन-जपानात प्रत्येक वर्षाला एका प्राण्याचं नाव असतं. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर, असं बारा वर्षांचं चक्र फिरत राहतं. जपानात शेवटच्या डुकराचं रानडुक्कर होतं, एवढाच फरक. 2012 साली जन्मलेली मुलं ड्रॅगनची, 2013 ची सापाची, 2014 ची घोड्याची. पुढचं-मागचं तुम्ही मोजा आणि आजी-आजोबांचा प्राणीही शोधून काढा. (पण एक लक्षात ठेवा. चिनी वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत बदलतं. ज्यांचा वाढदिवस त्याच्या आधी येतो, त्यांना मागच्या वर्षाचा प्राणी!)

तर चौकात बारा प्राणी असायला हवेत. मोजायला गेलात तर भरतात तेरा! तेरावा कोण? एक गुबगुबीत पांडा! बाराजणांत पांडाचं वर्ष कुठेच नाही, तरी हा मजेत बसलेला असतो. आणि सगळ्यांत जास्त फोटो कोणाबरोबर काढले जात असतील, हे सांगायलाच नको.

वाफेतला खाऊ

आता त्या बांबूच्या टोपल्यांकडे वळू. त्यांत शिजत असतात बुतामान. ‘बुता’ म्हणजे डुक्कर. मैद्यासारख्या पिठाचा आंबवलेला गोळा, आत डुकराच्या मांसाचं सारण, वरून चुण्या घालून तोंड मिटवलेलं आणि मग वाफेवर उकडलेलं. आकार पाहिला की आपल्याला मोदकच आठवणार. सारण वेगळं, पण चुण्या घालण्याचं कसब तेच.

1915 साली एका चिनी गृहस्थांनी आणि त्यांच्या जपानी पत्नीने या गल्लीत रोशोकी नावाचं छोटं दुकान काढलं. चीनमध्ये असे उकडलेले गोळे खातातच. पण जपानी गिऱ्हाइकांच्या जिभेला रुचावी म्हणून चवीत जपानी सोया सॉस आला आणि नावही जपानी ठेवलं गेलं. खलाशांसाठी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी बनवलेला तो खाऊ पुढे सगळ्या जपानात पसरला. गंमत म्हणजे तोक्योकडे त्याला ‘निकुमान’ म्हणतात. निकु म्हणजे मांस. पण कोबे-ओसाकाकडे नुसतं ‘निकु’ म्हटलं की गाईचं मांस असा अर्थ होतो, म्हणून तिथे ‘बुता’ असं स्पष्ट सांगावं लागतं. एकाच खाऊची गावागणिक दोन नावं. आपल्याकडे नाही का, कुठे साबुदाण्याची खिचडी तर कुठे उसळ!

मांस न खाणाऱ्यांनी हिरमुसायचं कारण नाही. तीळ लावून तळलेले, आत गोड पुरण भरलेले गोल लाडू आहेत. पुरण लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या एका कडधान्याचं. दुधाच्या गार चहात मोठे काळे मऊ दाणे घातलेलं एक पेय आहे. ते तैवानहून आलं आणि जगभर पसरलं. ते दाणे ज्या कंदाच्या पिठापासून होतात, त्याच कंदापासून आपल्या उपासाचा साबुदाणाही होतो. म्हणजे तो तिथला साबुदाणाच म्हणा ना!

आता मला सांगा, बुतामान चिनी की जपानी? चीनमधल्या माणसाला तो थोडा परका वाटेल. जपानी माणूस त्याला चिनी म्हणेल. कोबेचा माणूस म्हणेल, “हा आमचा.” आपल्या नाक्यावरच्या गाडीवर मिळणाऱ्या गोबी मंचुरियनचंही असंच आहे. मंचुरिया हा चीनचा भाग खरा, पण तिथे जाऊन गोबी मंचुरियन मागितलंत तर लोक तुमच्या तोंडाकडे बघत राहतील!

ज्यांना आत जागा नव्हती

हिंडून झालं, खाऊन झालं. आता गल्लीची गोष्ट.

जपानने दोनशेहून जास्त वर्षं परदेशी लोकांना जवळजवळ दार बंद केलं होतं. नागासाकी बंदरात डच आणि चिनी व्यापाऱ्यांना तेवढी परवानगी होती, तीही कडक पहाऱ्यात. मग 1858 साली अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि हॉलंड या पाच देशांनी जपानकडून करार करून घेतले. त्या करारांप्रमाणे 1 जानेवारी 1868 रोजी कोबेचं बंदर खुलं झालं. परदेशी व्यापाऱ्यांसाठी समुद्राकाठी एक वसाहत आखली गेली. सरळ रस्ते, झाडं, दिवे आणि नेमके 126 भूखंड. नकाशा काढला एका इंग्रज इंजिनिअरने.

या गोऱ्या व्यापाऱ्यांबरोबर चिनी माणसंही आली. काही नागासाकीहून आली. कोणी स्वयंपाकी, कोणी शिंपी, कोणी कारकून, कोणी स्वतः व्यापारी. गोऱ्या साहेबाला जपानी येत नसे, जपानी दुकानदाराला इंग्रजी येत नसे. चिनी माणूस मधे उभा राही. त्याला तरी जपानी कुठे येत होतं? पण लिपीतली चिन्हं दोघांची सारखी! तो कागदावर कुंचल्याने लिही आणि जपानी माणूस वाचून लिहूनच उत्तर देई. तोंडातून शब्द न काढता व्यवहार पुरा!

एवढं असूनही चिन्यांना त्या नव्या वसाहतीत राहता येत नव्हतं. का? तर करार करणाऱ्या पाच देशांत चीन नव्हता. चीन आणि जपान यांचा तह झाला तो पुढे, 1871 साली. म्हणजे ज्यांच्यावाचून साहेबांचं पान हलत नव्हतं, त्यांनाच आत जागा नाही. मग त्यांनी काय केलं? वसाहतीच्या पश्चिमेच्या कडेला लागूनच, जपानी लोकांच्या शेजारी घरं घेतली. तिथे दुकानं निघाली. भाजी, मासे, मसाले, औषधं मिळू लागली. शेजारचे जपानी लोक म्हणू लागले, “ही नान्किन मंडळींची पेठ.”

तेव्हा जपानात चीनकडून आलेल्या कशालाही ‘नान्किन’ हे नाव चिकटवत. भुईमुगाची शेंग म्हणजे ‘नान्किन-मामे’, नान्किनचा दाणा. टाळं म्हणजे ‘नान्किन-जो’, नान्किनचं कुलूप. कोबेच्या बाजूला लाल भोपळ्यालाही ‘नान्किन’ म्हणतात. आणि ढेकूण? तोही ‘नान्किन-मुशी’, नान्किनचा किडा! खरं तर भुईमूग आणि भोपळा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडची विलायती चिंचही तिकडचीच, विलायतेशी तिचा संबंध नाही. परक्या वस्तूला एक ठरलेलं परकं नाव देऊन मोकळं व्हायचं, ही खोड सगळीकडची. वस्तूंचं ठीक आहे. पण माणसांनाही असंच एका नावात कोंबलं की गंमत संपते, नाही का?

कोबेचे चिनी व्यापारी जपानी माल परदेशी पाठवत. त्यात काडेपेट्या फार मोठ्या प्रमाणावर असत. कोबेच्या आसपास काड्यांचे कारखाने होते आणि त्यांचा माल चीनमध्ये जाई, भारतातही येई. भारतासाठी बनवलेल्या काडेपेट्यांवर आपल्या देवादिकांची चित्रं छापलेली असत! तुमच्या घरी कोणाकडे काडेपेट्यांच्या छापांचा जुना संग्रह असेल, तर नीट बघा. एखाद्या लक्ष्मीच्या खाली बारीक अक्षरांत ‘मेड इन जपान’ लिहिलेलं सापडायचं.

आणि इकडून काय जात होतं? कापूस. 1893 साली जमशेटजी टाटांच्या मदतीने एका जपानी कंपनीने मुंबई ते कोबे अशी बोटीची फेरी सुरू केली. मुंबईच्या धक्क्यावरून निघालेल्या कापसाच्या गासड्या कोबेला उतरू लागल्या. हळूहळू आपल्याकडचे व्यापारीही तिथे जाऊन राहिले, मुख्यतः सिंधी आणि गुजराती. 1923 साली योकोहामा भूकंपात उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले पुष्कळ भारतीयही कोबेला आले. जपानची पहिली मशीद 1935 साली कोबेत झाली, ती उभारायला भारतीय व्यापाऱ्यांनी पैसे दिले. 1985 साली तिथे जैन मंदिरही झालं. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसांना सांभाळायची सवय या शहराला जुनी.

वाईट दिवस

पण ही सवय नेहमीच टिकली असं नाही. 1937 साली जपानने चीनवर मोठा हल्ला केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपानी सैन्याने नानजिंग शहर घेतलं आणि तिथल्या लोकांवर भयंकर अत्याचार केले. हो, तेच नानजिंग. ज्या शहराचं नाव कोबेच्या लोकांनी आपल्या एका पेठेला दिलं होतं, तेच.

क्षणभर विचार करा. त्या वेळी या गल्लीत राहणारी एखादी दहा वर्षांची मुलगी असेल. जन्म कोबेचा. बोलते जपानी. घरी वडील चिनी बोलतात. बाहेर झेंडे घेऊन चीनवरच्या विजयाच्या मिरवणुका निघतायत. तिने कोणाच्या बाजूने उभं राहायचं? अशा वेळी पुष्कळ चिनी कुटुंबं कोबे सोडून परत गेली. काही राहिली, कारण त्यांचं घर इथेच होतं.

मग 1945 साली अमेरिकन विमानांनी कोबेवर आगीचे बॉम्ब टाकले. त्यात मार्च आणि जूनचे हल्ले सगळ्यांत मोठे. बॉम्ब काही जपानी घर कोणतं, चिनी घर कोणतं हे बघत नाही. नान्किनमाची जळून गेली. 1899 साली सुरू झालेली चिनी मुलांची शाळा जळाली. ज्या नगरात ‘तुम्ही आमचे नव्हेत’ असं ऐकावं लागलं, त्या नगराबरोबर ही गल्लीही राख झाली.

युद्ध संपल्यावर तिथे पुन्हा दुकानं उभी राहिली, पण जुनी कळा आली नाही. खलाशांसाठी दारूची दुकानं निघाली. चांगल्या घरातली माणसं तिकडे फिरकेनाशी झाली. 1970 च्या सुमाराला तर चिनी खाणावळीही मोजक्याच उरल्या होत्या.

1977 साली तिथल्या दुकानदारांनी एकत्र येऊन मंडळ स्थापन केलं. चिनी वंशाचे दुकानदार होते, जपानीही होते. सगळ्यांनी ठरवलं, की गल्लीला पुन्हा रूप द्यायचं. आणि मग चौकातला मंडप, दरवाजे, कंदील हे सगळं उभं राहिलं. म्हणजे मघाशी आपण शिरलो तो छांगआन दरवाजा किती जुना आहे, सांगा पाहू? हजार वर्षं? शंभर वर्षं? छे! तो 1985 सालचा आहे. शीआन दरवाजा तर 2005 चा. तुमच्यापैकी काहींच्या ताई-दादांच्या वयाचा!

“म्हणजे मग हा नुसता देखावाच की!” असं कोणीतरी म्हणेलच. खरं आहे, लाल रंग नवा आहे, कंदील विकत आणलेले आहेत आणि राजवाड्यासारखी दिसणारी एक इमारत जवळ जाऊन पाहिली तर सार्वजनिक शौचालय निघतं! हसू नका, स्वच्छ असतं. पण गल्ली खोटी की खरी, हे तिच्या कमानींवरून ठरवायचं का? कशावरून ठरवायचं, ते 1995 साली कळलं.

31 जानेवारी 1995

1987 पासून या गल्लीत चिनी नववर्षाचा उत्सव सुरू झाला होता. जपानने 1873 सालापासून इंग्रजी कॅलेंडर स्वीकारलं, त्यामुळे तिथलं नवं वर्ष 1 जानेवारीला. पण चिनी नववर्ष चंद्राच्या तिथीवरून ठरतं, आपल्या गुढीपाडव्यासारखं. म्हणून त्याची इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते. त्या दिवशी गल्लीत सिंहाचा नाच, लांबलचक ड्रॅगनचा नाच, ढोल आणि झांजा. सगळं कोबे बघायला लोटतं.

1995 साली हा दिवस येणार होता 31 जानेवारीला. तयारी चालू होती. आणि 17 जानेवारीला पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी जमीन हादरली. सगळे झोपेत होते. 7.3 तीव्रतेचा भूकंप. एक लाखाहून जास्त घरं पूर्ण कोसळली, ठिकठिकाणी आगी लागल्या, उंच खांबांवरचा मोठा रस्ता आडवा झाला. एकूण 6,434 माणसं गेली. पाणी नाही, वीज नाही, गॅस नाही. गॅस तर सगळीकडे सुरू व्हायला एप्रिल उजाडला. भर थंडीत लाखो माणसं शाळांत आणि मैदानांत राहत होती. युद्धानंतर पुन्हा बांधलेल्या त्या चिनी शाळेनेही आपली दारं उघडली. कोण चिनी, कोण जपानी, हे न विचारता माणसं तिथे आसऱ्याला आली.

उत्सव अर्थातच रद्द झाला. नाच नाही, ढोल नाही. पण 31 जानेवारी उजाडला तेव्हा नान्किनमाचीतल्या दुकानदारांनी चुली पेटवल्या. त्यांची स्वतःचीही घरं पडली होती, दुकानांना तडे गेले होते. तरी रस्त्यावर मोठमोठी पातेली चढली आणि येईल त्याच्या हातात गरमागरम खाणं पडू लागलं.

कित्येक दिवस थंड खाऊन राहिलेल्या माणसाला गरम वाटी हातात धरल्यावर काय वाटलं असेल, ते सांगायला हवं का? वाढणारा चिनी आहे की घेणारा जपानी आहे, हे कोणी बघितलं नसेल. एके काळी ज्यांना वसाहतीत जागा नव्हती, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी शहराला जेवू घातलं. त्या दिवशी नान्किनमाची खऱ्या अर्थाने कोबेची झाली, असं मला वाटतं.

दोन वर्षांनी, 1997 साली, कोबे शहराने या गल्लीच्या नववर्षाच्या उत्सवाला आपला सांस्कृतिक ठेवा म्हणून अधिकृत मान दिला. जपानी शहराचा ठेवा कोणता? तर चिनी नववर्ष! आज तिथे ड्रॅगन नाचवणाऱ्यांत चिनी मुलं असतात आणि जपानी मुलंही.

आईबाबांनो, एक शब्द तुमच्यासाठीही. कोणीतरी बाहेरून आपल्या गावात राहायला येतं. त्याची भाषा वेगळी, खाणं वेगळं, सण वेगळे. मुलं विचारतात, “ते कोण?” त्या वेळी आपण काय उत्तर देतो, तेच मुलांच्या मनात घर करून बसतं. नान्किनमाचीची गोष्ट दीडशे वर्षांची आहे. तिच्यात हे उत्तर चुकल्याचे दिवस आहेत, बरोबर आल्याचेही आहेत.

आता जाता जाता एक धागा मुंबईचा. चिनी माणसं जिथे जिथे गेली, तिथे त्यांनी ग्वान युद्ध-देवाचं देऊळ बांधलं. हा फार पूर्वी होऊन गेलेला शूर सेनापती, शब्दाला जागणारा म्हणून प्रसिद्ध. त्यामुळे व्यापारीही त्याला मानतात, कारण व्यापार चालतो शब्दावर. कोबेत त्याचं देऊळ आहे. 1945 साली तेही जळालं आणि लोकांनी ते पुन्हा उभारलं. आणि याच देवाचं एक देऊळ आपल्या मुंबईत माझगावला आहे, गोदीपासून जवळच! मुंबई बंदरात आलेल्या चिनी लोकांनी शंभर वर्षांपूर्वी ते बांधलं. म्हणजे कोबेला जाणं लगेच जमलं नाही तरी गोष्टीचं एक टोक आपल्या हाताशी आहे.

तेव्हा या आठवड्याचा उद्योग असा. तुमच्या गावात बाहेरच्या गावाचं, प्रांताचं किंवा देशाचं नाव असलेली गल्ली, आळी, पेठ किंवा दुकान शोधा. ते नाव कसं पडलं, तिथे पहिल्यांदा कोण येऊन राहिलं, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. वहीत अर्धं पान लिहा. आणि तिथल्या खाऊचं नाव लिहायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशातली दुसरी गल्ली. तोवर, सायोनारा!